वरची खोली: कुणी नाही

नातीला आजपासून वरच्या खोलीत एकटीनं झोपायचं होतं, म्हणून ती धास्तावली होती. कुठल्या खोलीत कोण आहे, हे घरातल्या सेन्सरांची वेबसेवा सांगायची. नातीचा पायथन प्रोग्राम तेच विचारत होता.

वरच्या खोलीपाशी तो कोलमडला.

“वर सेन्सरच नाही, बाळा,” आजोबा म्हणाले. “उत्तरात त्या खोलीची ‘की’, म्हणजे नावच नाही. ‘गेट’ ही आज्ञा वापर. नाव नसेल तेव्हा काय दाखवायचं, ते तूच लिही.”

तिनं लिहिलं: कुणी नाही.

तेच पडद्यावर उमटलं.

“बघ, भित्री भागूबाई, हे तुझेच शब्द! खोडून जागा रिकामी ठेव. खोलीच्या नावापुढं काहीच उमटणार नाही.”

तिनं शब्द खोडले आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

वरची खोली: कुणी नाही.

“आजोबा,” ती हळूच म्हणाली, “मग आता हे कोण म्हणतंय?”