चुन्याचं बोट

कॉम्प्युटरच्या सीडी ड्राइव्हचं तोंड उघडत होतं, हिरवा दिवाही लागत होता, पण पडद्यावर त्याचा पत्ताच नव्हता. साईनाथने आपल्या लग्नाची सीडी पुन्हा बाहेर काढली, सदऱ्याला पुसली आणि पुन्हा आत घातली. दरवेळी तेच.

“नवी सिस्टीमच भंगार आहे,” तो म्हणाला. सकाळी ती मोठ्या हौसेने त्यानेच कॉम्प्युटरवर टाकली होती. “सगळं पुसून जुनी टाकतो.”

“अहो, थांबा जरा,” शेफाली म्हणाली. “मला बघू द्या.”

मांजरी गावातल्या त्या घरात सतरंजीवर सगळे ताटकळले होते. शेफालीच्या सासऱ्यांची थोरली बहीण चंद्रभागा, म्हणजे घरादाराची आक्का, खास लग्नाची सीडी बघायला आली होती. आक्काने मान हलवल्याशिवाय त्या घरात बैल विकला जात नसे की बोअर घेतली जात नसे. आणि सध्या एक गोष्ट तिच्या मानेवर अडली होती. शेफालीला हडपसरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीची नोकरी लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं.

“सून मशिनीपुढं बसनार आन् घर कोन बघनार?” आक्का सकाळपासून म्हणत होती. “आन् ह्या शिकलेल्यास्नी तरी काय येतंय?”

सासरे, गेनबा, यावर हो म्हणाले नव्हते आणि नाहीही. ते भिंतीला टेकून तंबाखू मळत होते.

सोमवारची काळजी होतीच, पण कॉम्प्युटर अडला की शेफालीला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटायचं. ड्राइव्ह नव्या सिस्टीमला दिसत नाही, की खुद्द यंत्रालाच? तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. सिस्टीम जागी होण्याआधी काळ्या पडद्यावर यंत्र आपल्या भागांची हजेरी घेतं, तिथेच तिने ते थांबवलं. हार्ड डिस्क हजर होती. ड्राइव्ह गैरहजर. म्हणजे बिचारी नवी सिस्टीम निर्दोष होती, चोर कॉम्प्युटरच्या डब्यात होता.

कॉम्प्युटर बंद करून तिने डब्याचे स्क्रू काढायला घेतले. ते आधीच ढिले होते. तिला नवल वाटलं. झाकण उघडलं, तर ड्राइव्हपासून निघणारी माहितीची चपटी करडी पट्टी सुटून लोंबत होती; विजेची वायर मात्र जागेवर होती. पट्टीच्या टोकाला पांढरं बोट उमटलं होतं. शेफालीने नखाने खरवडून पाहिलं. चुना.

घरात तंबाखू खाणारा माणूस एकच होता. तिने मान वर केली. गेनबांचा मळणारा अंगठा थांबला होता आणि ते तिच्याचकडे बघत होते. म्हणजे नाही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं! चारचौघांत फजिती करून सोमवार मोडायचा? तिला फार वाईट वाटलं. त्यांना उघडं पाडायला एक शब्द पुरेसा होता. पण तिने पदराने चुना पुसला, पट्टी दाबून बसवली आणि म्हणाली, “काही नाही, पट्टी निघाली होती.”

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर बँड वाजू लागला. वरातीपुढे आक्का नाचत होती. सतरंजीवरची आक्का लाजून पदर तोंडात धरून हसली.

“निघाली न्हवती,” गेनबा म्हणाले. “म्या काढली व्हती.”

साईनाथने आ वासला.

“इहिरीवर मोटार दुरुस्तीला नवा गडी आला की म्या आधी त्याला पारखाया फ्यूज काढून ठिवतो, आक्का, तुला ठावं हाय. ‘कॉइल जळली’ म्हनला की बांधावरनंच माघारी धाडतो. हितंबी तेच केलं. पोरगं म्हनलं सगळं पुसतो. हिनं नेमकी जागा धरली.” त्यांनी आपलं चुन्याचं बोट वर केलं. “आन् माझं बोट बी झाकलं.”

शेफालीचे डोळे भरून आले म्हणून ती उगीच स्क्रू आवळत राहिली.

आक्काने पडद्यावरून नजर न काढता विचारलं, “आन् ही तिकडं गेल्यावर हितं काय बिघडलं, तर?”

गेनबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली.

“थांबंल की सांजपत्तूर, ही घरी येईस्तवर.”