बोटभर मोठी

ताई आणि मी जुळ्या, म्हणून आई माझंच माप घेऊन दोघींचे ड्रेस शिवते. आज ताईला तिचा आखूड झाला. आईने गळ्यातली टेप लावून पाहिली. ताई माझ्याहून बोटभर उंच! “पुन्हा वेळ थांबवायला लागलीस?” आईने तिला विचारलं. ताईने वेळ थांबवली की सगळं जग थबकतं. वय वाढतं फक्त तिचं. “गिऱ्हाइकांची काजं-बटणं साचतात ना,” ताई पुटपुटली. “तुझे डोळे दुखतात.” “शहाणे, माझ्या बटणांपायी आयुष्य उधळतेस?” म्हणत आई रडायलाच लागली. मला रागच आला. “मला मागे टाकून एकटीच म्हातारी होणार होय गं?” मी ताईचा हात घट्ट धरला. “आता थांबव बघू.” आईच्या गालावरचा थेंब तिथेच थबकला. मी मात्र हलत होते. आमचा एकेक हात मोकळा होता. तिने बटण धरलं, मी सुई चालवली.