फुजी कसा दिसतो

रेणूची नजर डिसेंबरपर्यंतच टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. जपानची ट्रिप मार्चमध्ये होती आणि व्हिसाच्या कामामुळे त्याआधी अमेरिकेबाहेर पडता येणार नव्हतं. अर्विंगमधल्या घरी तिच्या नवऱ्याने, प्रसन्नने, लॅपटॉप उघडला.

"कॅन्सल करतो."

"थांब. फुजीचा फोटो लाव." तिने डोळे मिटले. "आता सांग, काय दिसतंय?"

"डोंगर. वर बर्फ."

"एवढंच?"

तो बराच वेळ फोटो बघत राहिला. "बर्फाचे ओघळ खाली उतरलेत, बोटांसारखे. पायथ्याशी तळं आहे. त्यात डोंगर उलटा पडलाय, पण वाऱ्याने शिखर विस्कटलंय."

रेणूने डोळे उघडले आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

"कॅन्सल नको करू. फक्त क्योटोत एक दिवस वाढव. तुला सांगायला वेळ लागतो."