सहा मिनिटांचं काम

मध्यंतरात अर्धं थिएटर उठून गेलं. उरलेल्यांपैकी दोघं चक्क घोरत होते.

"चल, आपणही निघू," नट बायकोच्या कानाशी म्हणाला. "पिक्चर पडलाय. आणि माझं काम ते केवढं, सहा मिनिटांचं."

"त्या सहा मिनिटांसाठीच रजा टाकलीय मी," बायको म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स होती. रजा मिळवताना तिच्या नाकी नऊ आले होते.

सिनेमा खरोखरच टाकाऊ होता. नायक-नायिका उगाच भांडत, उगाच रडत, आणि संगीत त्यांच्याहून मोठ्याने रडे. नट झाला होता नायकाचा म्हातारा बाप. आजवर त्याने वेंधळे नोकर आणि विसराळू शेजारीच रंगवले होते. तो दिसला की लोक आधीच हसायला लागत. मध्यंतरानंतर तो पडद्यावर आला तेव्हाही कुणीतरी हसलं. मग गप्प झालं.

पडद्यावर एक म्हातारा पलंगाच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावत होता. चुकलेलं बटण काढायचा आणि पुन्हा चुकीच्याच काजात घालायचा. मधेच डाव्या हाताने उजवा गुडघा चोळायचा. नर्सने खुर्चीचा हात घट्ट धरला. तो तिचा नवरा नव्हताच. ते तिचे बाबा होते.

बाबा गेले त्या सकाळी ती ड्यूटीवर होती. त्यांच्यापाशी फक्त जावई होता, त्या दिवसांत काम नसल्यामुळे घरी बसलेला. "शांतपणे गेले," एवढंच तो म्हणाला होता. हेच वाक्य तिने स्वतः वॉर्डाबाहेर शेकडो नातेवाइकांना ऐकवलं होतं. त्यामुळे तिचा त्यावर कधी विश्वासच बसला नाही. आपण वेळेला नव्हतो, बाबा मनात राग धरून गेले असतील, हेच तिला तीन वर्षं खात होतं.

पडद्यावरचा म्हातारा आडवा झाला. दाराकडे बघत हलकेच म्हणाला, "ती आली की लगेच काही सांगू नका हं. आधी जरा बसू द्या तिला. फार दमून येते पोर."



तिने अंधारात नवऱ्याचा हात चाचपला. "लेखकाने किती छान लिहिलंय हो," ती कशीबशी म्हणाली.

"लेखकाने तिथे शिव्याशाप लिहिले होते," नट म्हणाला. "हे बाबांचं आहे. तीन वर्षं तुझ्यासमोर माझ्या तोंडातून निघत नव्हतं."