वीतभर तिरका

मॅव्हिस गेल्याचं कळलं, त्या दिवशी सव्हाना बंदरातल्या सगळ्या यंत्रांनी एकदम भोंगे वाजवले. रिकामे कंटेनर रचणारं यंत्र सकाळपाळीला ती चालवायची, दुपारपाळीला तिचा नवरा रूफस. तिचे कंटेनर वीतभर तिरके बसायचे. तो कुरकुरत सरळ करायचा.

आठवड्यानं तो कामावर परतला. तिनं रचलेली शेवटची रास तोवर तशीच होती.

"रूफस, तो वरचा निळा वाकडा बसलाय," मुकादम अर्ल रेडिओवर म्हणाला. "कुणी ठेवला रे? डोळे मिटून?"

"तूच सांग, असा कोण ठेवायचं?"



"कितीदा बजावलं होतं तिला," अर्ल म्हणाला.

"तुझं ऐकते होय? माझंही कधी ऐकलं नाही."

संध्याकाळपर्यंत बाकीचे सगळे रचून झाले. निळा अजून सरळ करायचा राहिलाय.