कोणतं वचन

ऑकलंडहून सामोआत आलेल्या फुआतिनोच्या पत्राला पेसामिनो गुरुजींनी आठ महिन्यांत उत्तर दिलं नव्हतं. पत्रात प्रश्न एकच होता. 'लहानपणी पांढऱ्या रविवारी मी भर चर्चमध्ये पाठ केलेलं बायबलचं वचन विसरले. तेव्हापासून सगळे मला मठ्ठ म्हणतात, आता मीही म्हणते. गुरुजी, मला तुम्ही शिकवलंत. मी खरंच मठ्ठ होते का?' गुरुजींना खोटं लिहवेना, आणि खरं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आता आवेओलेला ही फुआतिनोची आठ वर्षांची मुलगी चर्चच्या ओट्यावर त्यांच्यासमोर बसली होती. सुट्टीला आजीकडे आलेली; यंदाच्या पांढऱ्या रविवारी, चर्चमधल्या मुलांच्या सणाला, गावातल्या मुलांबरोबर तीही वचन म्हणणार होती. गुरुजींनी बिस्किटांच्या डब्यातून सर्वांत छोटी चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

"'येशू रडला.' दोनच शब्द. जमेल ना?"

"हे नको."

मागून आजीने तिच्या पाठीत बोट खुपसलं. "गुरुजी देतील ते मुकाट घ्यायचं. दुकानात आलीस का निवडायला?"

"डबा बघू?" मुलगी गुरुजींना म्हणाली.

चाळीस वर्षांत कुणी डबा मागितला नव्हता. गुरुजींनी तो पुढे सरकवला. मुलीने चिठ्ठ्या ओट्यावर पसरल्या, अडखळत एकेक वाचली आणि माशाने गिळलेल्या योना संदेष्ट्याची उचलली.

"ही. माशाच्या पोटातली."

"नऊ ओळी आहेत, बाळ. तुला सामोअन धड बोलता येत नाही."

"शेवटी मासा त्याला ओकून टाकतो ना?"

"टाकतो."

"मग हीच."

"विसरणार बघा," आजी म्हणाली. "आईवर गेलीय. आमच्या घरात कुणाच्या डोक्यात काही राहत नाही."

रविवारी पांढऱ्या झग्यात आवेओलेला उभी राहिली. उच्चार सगळे ऑकलंडचे. पण नवांपैकी एकही ओळ चुकली नाही. ओकण्याच्या जागी तिने पोट धरून असा काही आवाज काढला, की पाद्रीबाबांसकट सगळे हसले. आजीने पंखा तोंडासमोर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

गुरुजींना हसू आलं नाही. त्यांना याच बाकांवरची फुआतिनो आठवली. स्वतःचं वचन विसरून ती रडत खाली बसली होती. पाठोपाठ शेजारचा मुलगा उभा राहिला आणि अडला, तेव्हा हुंदके देतच तिने त्याला त्याचं अख्खं वचन खालून सांगितलं होतं. त्यावर गुरुजींनीच तिला दटावलं होतं, "दुसऱ्याचं बरं येतं गं तुला!"

सोमवारी सणाची सुट्टी होती. दिवसभर त्यांनी पाच कागद फाडले. सहावा ठेवला.

'फुआतिनो, मठ्ठ तू नव्हतीस. त्या वर्षी तुला कोणतं वचन हवं होतं? तेव्हा मी विचारलं नाही.'

एवढंच पुरेल का, त्यांना कळेना. मंगळवारी पहिल्या बसने ते बाजाराच्या गावी, सलेलोलोगाला गेले, तिकीट लावलं आणि पाकीट पोस्टात टाकलं.