तेंडोलकरांची नजर

कलादालनात शिरताच तेंडोलकरांचं डोकं फिरलं. त्यांच्याच वर्गात शिकलेल्या मुळगुंदचं घाटाचं चित्र आज थेट दारासमोरच्या मानाच्या भिंतीवर येऊन पोचलं होतं. त्यांचं स्वतःचं चित्र मात्र मागे मागे जात जिन्याखाली गेलं होतं.

"वशिला लावलाय त्यानं!" ते तिकीट खिडकीतल्या चारुशीलाबाईंवर डाफरले.

"काका, इथे वशिला कसला? भिंतीच नजरा मोजतात. ज्या चित्राकडे जास्त वेळ बघितलं जातं, ते आपोआप पुढे सरकतं."

"त्या भिकार चित्राकडे बघतं कोण?"

बाईंनी पडद्यावर नोंद काढली. "महिन्याभरात बावन्न तास. त्यातले एक्केचाळीस एकाच माणसाचे." त्या जरा चाचरल्या. "तुमचेच, काका."

तेंडोलकर बाकावर मटकन बसले. रोज येऊन ते त्या चित्रातल्या चुका तर शोधत होते! स्वतःच्या चित्रासमोर थांबायला वेळ होता कुठे?

आता बघायचंच नाही, म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटले.

पण ती पायऱ्यांची सावली उलटी पडलीय की काय?

त्यांनी एकच डोळा किलकिला केला. मुळगुंदची चौकट हळूच सरकली आणि भिंतीच्या बरोबर मधोमध येऊन थांबली.